सेन्सर लावला म्हणून पूल बोलत नाही

पावसाळा आला की हा मेसेज फिरतो: जुन्या पुलांना सेन्सर लावा, पूल पडायच्या आधी मोबाइलवर अलार्म वाजेल, ऑडिट (तज्ज्ञांकडून पुलाची तपासणी) नको, पाडापाडी नको. सेन्सरशी माझं वैर नाही, पण हे असं चालत नाही.

'सेन्सर पुलाची ताकद मोजतो.' मुळीच नाही. पुलावर चिकटवायचा स्ट्रेन गेज हा सेन्सर लोखंड किती ताणलं-दबलं ते मोजतो, तेही चिकटवलं त्या दिवसापासून पुढचं. पुलाच्या स्वतःच्या वजनाचा ताण त्याच्या लेखी शून्य. त्यात ऊन! 100 मीटरचा लोखंडी गर्डर (पुलाची आडवी तुळई) 20 अंशांनी तापला की मोकळा असल्यास 24 मिलिमीटर लांबतो. ट्रकमुळे पडलेला फरक त्यातून वेगळा काढावा लागतो. म्हणून लोड टेस्टला वजन करून आणलेले ट्रक उभे करतात आणि आधीचं-नंतरचं रीडिंग घेतात.

'सेन्सर असता तर आधी कळलं असतं.' अमेरिकेतल्या मिनियापोलिसचा पूल 1 ऑगस्ट 2007 ला कोसळला, 13 जण गेले. या पुलावर विद्यापीठाच्या लोकांनी आधीच गेज लावून ट्रक चालवले होते. ट्रसमध्ये, म्हणजे पुलाच्या लोखंडी सांगाड्यात, फटीगचे (वारंवार ताण पडून जाणारे) तडे जाण्याची शक्यता नाही, असा त्यांचा 2001 चा अहवाल. दोष निघाला सांधे जोडणाऱ्या लोखंडी पत्र्यांत, म्हणजे गसेट प्लेटमध्ये: मूळ डिझाइनमध्येच त्या हव्या त्याच्या निम्म्या जाडीच्या, अर्ध्या इंचाच्या. त्या दिवशी वर दुरुस्तीच्या सामानाचे ढीगही होते. गेज खोटं बोलले नव्हते. गसेटचं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

'मग महाडचा सावित्रीचा पूल तरी वाचला असता.' 1928 चा दगडी कमानींचा पूल. मे 2016 मध्ये पाहणी झाली, धोका नाही असं ठरलं, आणि ऑगस्टमधल्या पुरात तो कोसळला. अशा पुलांचं दुखणं अनेकदा पायाशी असतं. पूर पायाखालची वाळू खरवडून नेतो आणि ओसरताना त्याच खड्ड्यात गाळ भरून जातो. उन्हाळ्यात पाहणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसतं. कमानीला चिकटवलेल्या गेजला यातलं काय कळणार? तिथे पाण्याखाली आवाजाच्या लहरींनी तळ मोजणारा सोनार हवा, खांबाचा कल मोजणारा टिल्टमीटर हवा. हे सेन्सर उपयोगाचे, पण कुठे लावायचे ते आधी ऑडिटनेच ठरतं.

आणि 2 ऑगस्टच्या त्या रात्री पुरात गेलेल्या दोन एसटी बसच्या ड्रायव्हरना कुठल्याशा ऑफिसातल्या स्क्रीनवरचा अलार्म ऐकू आला नसता. पुलाच्या अलीकडे फाटक पडायला हवं होतं.