थेरपिस्टची पण जरा उलटतपासणी घ्या

गुडघ्याचं ऑपरेशन करायचं म्हटलं की आपण नाशिककर गंगापूर रोडपासून मुंबईपर्यंत फोन फिरवतो. थेरपिस्ट मात्र कुणाच्या तरी वहिनींनी नाव सांगितलं की पक्का. समोर बसल्यावर प्रश्नही ठरलेले: फी किती, आणि किती सेशन लागतील? मी स्वतः सायकॉलॉजिस्ट आहे आणि तरी सांगते, आम्हाला याहून जास्त विचारा.

शिक्षण विचारा. सायकियाट्रिस्ट आधी डॉक्टर असतात, गोळ्या ते लिहून देतात, आम्ही नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. मी त्यासाठी एम.ए.नंतर दोन वर्षांचं एम.फिल. केलं, त्यातला बराच काळ वॉर्डात गेला. नोंदणी क्रमांक बिनधास्त मागा. समुपदेशक अशी पाटी मात्र शनिवार-रविवारचा कोर्स करूनही लावलेली दिसते. (उत्तम समुपदेशक आहेत, भरपूर आहेत. ओळखायचे कसे, एवढाच मुद्दा.)

पण माझ्या मते खरा प्रश्न पुढचा आहे: "अडलात की कुणाकडे जाता?"

आमच्या कामात सुपरव्हिजन असतं. नाव-गाव गाळून केस वरिष्ठांसमोर मांडायची. माझ्या वरिष्ठ मॅडम शांतपणे विचारतात, "सल्ला द्यायची घाई कुणाला होती, क्लायंटला की तुला?" घरी जाताना डोकं भणभणतं, पण पुढच्या सेशनला कान जास्त उघडे असतात. "इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर मला कशाला सुपरव्हिजन?" असं कुणी म्हणालं तर मी माझ्या नात्यातल्या माणसाला तिथे पाठवणार नाही.

कारण हे शास्त्र जागचं हलतं. समलैंगिकता अमेरिकन सायकियाट्रिस्टांच्या आजारांच्या यादीतून १९७३ मध्ये निघाली, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतून १९९० मध्ये. आपल्याकडे समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत असं सांगणारा कलम ३७७ चा निकाल २०१८ चा. तरी आजही आईवडील मुलाला घेऊन येतात, "मॅडम, याला नीट करा." कॉलेजातल्या जुन्या नोट्सवर थांबलेला थेरपिस्ट इथे मुलाचं आयुष्य नासवू शकतो. आणि आता रील बघून "मला एडीएचडी (लक्ष टिकत नाही, चंचलपणा असतो ती अवस्था) आहे" म्हणत येणारी मुलं आहेत. त्यांना हसून चालत नाही आणि लगेच मान डोलावूनही चालत नाही, नीट तपासणी शिकावी लागते. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी प्रशिक्षणाचे गुण लागतात खरे, पण कॅमेरा बंद ठेवून वेबिनार लावणारे आमच्यातही आहेत. म्हणून "गेल्या वर्षात नवीन काय शिकलात?" हेही विचारा.

काही गोष्टी तर पुस्तकात नसतातच. पुस्तक म्हणतं, क्लायंटकडून भेट घेऊ नका. निफाड-दिंडोरीकडचा माणूस हंगामात द्राक्षांची पेटी घेऊन दारात उभा राहिला तर? "नियमात बसत नाही" म्हटलं की त्याला ते नाकारल्यासारखंच लागणार. मी एक घड ठेवून घेते, पेटी परत देते आणि पुढच्या सेशनला त्यावर मोकळेपणाने बोलते. सगळ्यांना हे पटत नाही. सुपरव्हिजनमध्ये यावर वाद घालून झालाय.

शिवाय नाशिक कितीही वाढलं तरी ओळखीचंच गाव. कॉलेज रोडला समोरासमोर आलो तर मी आधी ओळख दाखवणार नाही. गैरसमज नको, तो निर्णय तुमचा. लग्नात एकाच पंगतीत बसलो तरी तेच. सज्ञान मुलाचे वडील फी भरतात आणि बाहेर विचारतात, "काय म्हणतो तो?" काका, फी तुमची असली तरी बोलणं त्याचं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ गोपनीयतेचा हक्क त्याला देतो. जिवाला धोका वाटला तर मात्र मी गप्प बसत नाही, आणि हे पहिल्याच सेशनला सांगते. तुमच्या थेरपिस्टने सांगितलं नसेल तर विचारून घ्या.

फी परवडत नसेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फोन फुकट आणि मराठीतही बोलता येतं. बाकी प्रश्न कमेंटमध्ये टाका. फक्त स्वतःची केस तिथे लिहू नका, तुमचे शेजारीही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये असतील.