क्रिंपिंग मशीनच्या डायबाबत फिरणाऱ्या संदेशाचा खुलासा

क्रिंपिंग मशीन होजच्या (दाबाच्या रबरी पाइपच्या) टोकावरची फेरूल, म्हणजे धातूची नळी, भोवतालच्या आठ डायनी (दाबणाऱ्या ठोकळ्यांनी) दाबून पक्की बसवते. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसी आणि वाडी भागातील होज दुरुस्ती करणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश फिरत आहे: ‘डाय झिजली तर सेटिंगचा आकडा थोडा कमी करा, आठपैकी खराब असेल तेवढीच बदला आणि सगळीकडे भरपूर ग्रीस लावा.’ यातील पहिले दोन सल्ले चुकीचे आहेत आणि तिसरा अर्धाच खरा आहे.

आकडा, म्हणजे फेरूल किती व्यासापर्यंत दाबायची ते माप, कमी केल्याने एका ठिकाणचे माप जुळते. परंतु झिजलेल्या डायखाली फेरूल कमी दबते, शेजारी जास्त, आणि ती गोल राहत नाही. दोन डायच्या फटीत उठलेल्या कडा टाळून, फेरूलच्या मध्यावर व्हर्नियर (व्यास मोजायचे साधन) फिरवून तीन-चार ठिकाणी माप घेतल्यास हा फरक लगेच उघड होतो. सात जुन्या डायमध्ये एक नवी बसवली तर ती पुढे राहून जास्त खोल रुतते. म्हणून संचच बदलावा, तो महाग पडतो हे मान्य करूनही.

ग्रीस हवे ते डाय-शू (डाय धरणारे भाग) सरकतात त्या बाहेरच्या पृष्ठभागांवर, तेही जुने पुसून. फेरूलला भिडणारा आतला भाग कोरडा आणि स्वच्छच ठेवावा. उमरेडच्या कोळसा खाणीतून आलेला होज न पुसता मशीनमध्ये घातला, तर ती काळी भुकटी ग्रीसमध्ये मिसळून पॉलिश पेपरसारखी घासत राहते.