‘बेस काढून टाका, कुणाला कळणारही नाही’ म्हणणाऱ्यांना

गेले काही महिने एक मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. मूळ कुणी लिहिला देव जाणे, पण दर वेळी कुणीतरी ‘अगदी बरोबर!’ म्हणून तो पुढे ढकलतं. म्हणणं थोडक्यात असं: बेस गिटार (जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार) वाजवणारा म्हणजे गिटार न जमलेला माणूस. बेस काढून टाकला तरी ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. आयर्न मेडन हा ब्रिटिश हेवी मेटल बँड मोठा झाला तो ब्रूस डिकिन्सनच्या गळ्यावर आणि गिटारवाल्यांच्या बोटांवर. त्यांचा बेसिस्ट स्टीव्ह हॅरिस पन्नास वर्षं एकच टगडक-टगडक वाजवतोय, वर बँडवर हुकूमशाही गाजवतोय, आणि त्याचे चाहते आंधळेपणाने त्याला डोक्यावर घेऊन नाचतात.

डोक्यावर घेणाऱ्यांपैकी मीही एक, तेव्हा निःपक्षपातीपणाचा आव आणत नाही. पण आवडनिवड बाजूला ठेवली तरी यातली बहुतेक विधानं तपासून बघता येतात, आणि तपासली की आडवी होतात. एक अर्धं उभं राहतं. त्याकडे येतोच.

‘गिटार न जमलेला’ हे आधी निकालात काढू, कारण त्यात फार दम नाही. हॅरिस १९५६चा, पूर्व लंडनमधल्या लेटनस्टोनचा. पोराला हौस होती ड्रम्सची. घरात ड्रम्स ठेवायला जागा नव्हती, म्हणून तो बेसकडे वळला. सतराव्या वर्षी ४० पौंडांना फेंडर प्रिसिजन या बेसची नक्कल घेतली. पुढे ‘स्मायलर’ नावाच्या बँडमध्ये वाजवताना स्वतःची गाणी पुढे केली, तर बाकीच्यांना ती फार किचकट वाटली. मग बाहेर पडून १९७५च्या नाताळात त्याने स्वतःचा बँड काढला, तोच मेडन. म्हणजे अडचण न जमण्याची नव्हती, उलट होती.

आता ‘काढून टाका, कळणारही नाही’. हा प्रयोग प्रत्यक्षात होऊन गेलाय हे त्या मजकूरवाल्याच्या गावीही नसावं. मेटॅलिका या बँडचा १९८८चा अल्बम ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ घ्या. बेसिस्ट जेसन न्यूस्टेड नवा आला होता आणि मिक्सिंगमध्ये त्याचा बेस इतका खाली दाबला गेला की जवळजवळ ऐकूच येत नाही. कुणाला कळलं नाही? साडेतीन दशकं उलटून गेली तरी लोक त्यावर करवादतात. कितीतरी हौशी मंडळींनी बेस वर आणून तो अल्बम घरच्या घरी नव्याने मिक्स केला. गाणी चांगलीच आहेत, पण आवाज कोरडा, हाडं मोजता येतील असा.

मग अनेकांना बेस ‘ऐकू येत नाही’ असं का वाटतं? बरेचदा दोष हातातल्या यंत्राचा असतो. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार, ई, मोकळी छेडली तर सुमारे ४१ हर्ट्झला वाजते. गिटारची जाड ई त्याच्या दुप्पट, ८२च्या आसपास. फोनच्या चिमुकल्या स्पीकरला ४१ हर्ट्झ हलवताच येत नाहीत. तुम्हाला ऐकू येतात ते वरचे स्वरांश, आणि खालचा मूळ स्वर कान अंदाजाने भरून काढतो. फोन उशाला ठेवून मेटल ऐकायचं आणि बेस नाही म्हणून ओरडायचं, यात बेसवाल्याचा काय गुन्हा?

गंमत म्हणजे हॅरिस हा त्या फुटक्या स्पीकरवरही ऐकू येणारा बेसिस्ट आहे. त्याच्या तारा फ्लॅटवाउंड असतात, म्हणजे सपाट पट्टी गुंडाळलेल्या, बोटाला गुळगुळीत लागणाऱ्या. अशा तारांचा आवाज एरवी गोल आणि दबका येतो. हॅरिस मात्र ट्रेबल (वरचे तीक्ष्ण स्वर) चढवतो आणि पिक न वापरता दोन बोटांनी तार इतकी जोरात मारतो की ती खालच्या फ्रेट्सवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, आपटते. त्यामुळे प्रत्येक सुराच्या तोंडाशी एक खणखणीत ‘टक्’ येतो. मेडनच्या कुठल्याही जुन्या गाण्यात गिटारच्या भिंतीतून जे पत्र्यासारखं वाजत पुढे येतं, ते हेच. काहींना हा आवाज अजिबात सोसत नाही. हरकत नाही, नावडू दे. पण जे कानाला टोचतं ते ऐकू येत नाही असं एकाच दमात कसं म्हणणार?

१ फेब्रुवारी २००८ला मेडनच्या ‘समव्हेअर बॅक इन टाइम’ दौऱ्याची सुरुवात मुंबईत झाली, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर. डिकिन्सन स्वतः बोईंग ७५७ चालवत बँडला घेऊन आला होता. साहजिकच दुसऱ्या दिवशी जो तो विमानाबद्दलच बोलत होता. माझ्या डोक्यात मात्र दोन जागा बसल्यात. एक, शेवटी परत आल्यावर वाजवलेलं ‘द क्लेअरव्हॉयंट’. ते सुरू होतं एकट्या बेसने. गर्दी ओळखायला दोन सेकंदही थांबली नाही. गिटार यायच्या आत मैदान ओरडून मोकळं. दुसरी जागा ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ची. कोलरिजच्या कवितेवरचं हे साडेतेरा मिनिटांहून लांब गाणं हॅरिसने एकट्याने लिहिलंय. मधे सगळा गदारोळ थांबतो. जहाजाच्या लाकडांची करकर, कवितेच्या ओळी वाचणारा आवाज, आणि खाली सावकाश एकेक पाऊल टाकणारा बेस. त्या काही मिनिटांत गाणं जिवंत ठेवलं कुणी? माझ्या शेजारी पुण्याहून आलेला एक पोरगा डोळे मिटून उजव्या हाताची दोन बोटं मांडीवर चालवत उभा होता. असे हवेत बेस वाजवणारे मेडनच्या कार्यक्रमात पैशाला पासरी सापडतात. बाकी बँडांच्या गर्दीत सगळे हवेत गिटार वाजवतात.

तिसरं विधान: डिकिन्सनचा गळा आणि गिटारवाले नसते तर हॅरिसला कोण विचारतं? डिकिन्सनचा गळा थोर आहे, त्यावर वाद नाही. डेव्ह मरे आणि एड्रियन स्मिथची जुगलबंदी हाही मेडनचा चेहरा आहे. पण जरा तारखा बघा. पहिला अल्बम १९८०चा, तेव्हा गायक होता पॉल डियानो, आणि तो अल्बम ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर गेला. त्यातली आठ गाणी मोजा. मरेचं एक सोडलं तर बाकी सगळ्यांवर हॅरिसचं नाव आहे, काहींवर डियानोसोबत, बहुतेकांवर एकट्याचं. डिकिन्सन आला १९८१ला, त्याच्यासोबतचा पहिला अल्बम १९८२चा. त्या वर्षीचं ‘रन टू द हिल्स’ हॅरिसचं, ‘हॅलोड बी दाय नेम’ हॅरिसचं, पुढच्या वर्षीचं ‘द ट्रूपर’ही त्याचंच. गळ्याला गायला काहीतरी लागतं ना? (‘हॅलोड’मधल्या काही ओळी बेकेट या जुन्या बँडच्या गाण्यातून आल्याचा दावा पुढे झाला आणि तो पैसे देऊन मिटवावा लागला. चाहत्यांनी हे लपवू नये, लपवण्यासारखं राहिलेलंही नाही.)

मुद्दा फक्त नावांचा नाही. हॅरिसची गाणी ऐकताना कळतं की ती खालून वर बांधलेली आहेत. इतर बँडांत गिटारची रिफ (पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) आधी असते आणि बेस तिच्या सावलीत चालतो. मेडनमध्ये अनेकदा बेस स्वतःची सुरावट घेऊन निघतो आणि दोन-तीन गिटारी तिच्यावर चढतात. त्याचे आवडते वादक बघितले की हे कुठून आलं ते उमगतं: ‘येस’ बँडचा ख्रिस स्क्वायर, ‘द हू’ बँडचा जॉन एंटविसल. दोघंही मागे उभं राहून हजेरी लावणाऱ्यांतले नव्हेत.

आता टगडक. इथे समोरचा अर्धा बरोबर आहे, त्यामुळे जरा सावकाश घेतो.

ही चाल म्हणजे एका ठोक्यात तीन आघात: एक लांब, दोन तोकडे. घोड्याच्या दौडीवरून तिला गॅलप म्हणतात. चाल ऐकायला सोपी. पण ‘ट्रूपर’ मिनिटाला साधारण १६० ठोक्यांनी जातं, म्हणजे गॅलप चालू असताना मिनिटाला ४८० आघात, सेकंदाला आठ. हॅरिस हे पिक न घेता करतो, मांडी वर टेकवून, एक पाय स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरवर रोवून, बेसची मान बंदुकीसारखी गर्दीवर रोखून आणि गाण्यातला शब्दन् शब्द ओठांनी म्हणत. ज्याला हे किरकोळ वाटतं त्याने टेबलावर दोन बोटांनी एक मिनिट करून बघावं. विसाव्या सेकंदाला मनगट भरून येतं आणि दोन तोकडे आघात एकमेकांत घुसायला लागतात. हॅरिसचे घुसत नाहीत. यात ड्रमर निको मॅकब्रेनचाही वाटा मोठा, त्याचा तो एकच पाय, दुहेरी पेडल न लावता चालणारा. चाहते हॅरिससोबत त्याचंही नाव घेतात, ते उगाच नाही.

तरी ‘एकच’ हा शब्द चुकीचा. ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ सात मिनिटांत इतक्या वेळा चाल बदलतं की पहिल्यांदा ऐकणारा हरवतो. ‘ब्लड ब्रदर्स’ हे वडील गेल्यावर लिहिलेलं गाणं तीनच्या हेलकाव्यावर डुलतं, त्यात दौडीचा मागमूस नाही.

बरोबर कुठे आहे? २००० नंतरच्या अल्बममध्ये. हळुवार सुरुवात, त्याखाली बेसचा गुणगुणता सूर, मग ड्रम्स, मग दौड, मग ध्रुवपद चार वेळा जास्त, आणि शेवटी पुन्हा तीच हळुवार सुरुवात. हा साचा हॅरिसने इतका वापरलाय की पहिली तीस सेकंदं ऐकून पुढची आठ मिनिटं सांगता यावीत. कुणीतरी त्याला कात्री हातात द्यायला हवी होती. माझं हे मत आहे आणि माझ्या ओळखीतल्या निम्म्या मेडनवेड्यांचंही.

आणि इथेच ‘आंधळे’ हे विशेषण गळून पडतं. हॅरिसची सगळ्यात कडक चिरफाड त्याचे चाहतेच करतात. ब्लेझ बेली गायक असतानाच्या, १९९४ ते १९९९ मधल्या काळावर सगळ्यात खरपूस टीका कुणी केली? ज्यांनी ते दोन्ही अल्बम स्वतःच्या पैशाने विकत घेतले त्यांनी. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये काउंटरला टेकून मेडनच्या कॅसेटवर वाद घालणारी मंडळी काही आरती ओवाळत नव्हती.

हुकूमशाहीचं म्हणाल, तर बँडमध्ये अखेरचा शब्द त्याचा असतो, हे कुणी नाकारत नाही. पण सोडून गेलेले डिकिन्सन आणि स्मिथ दोघंही १९९९ला परत आले, तेव्हा स्मिथच्या जागी वाजवणाऱ्या यानिक गर्सला काढलं नाही. तीन गिटारवाले ठेवले, आणि स्वतःच्या बेसला आणखी गर्दीत उभं केलं. २०१५च्या दुहेरी अल्बमचा शेवट अठरा मिनिटांच्या ज्या गाण्याने होतो, ते एकट्या डिकिन्सनचं आहे. हुकूमशहा शेवटची जागा दुसऱ्याला देत नसतात.

मेडन स्टेडियम भरवतो, तर हॅरिस मधल्या सुट्टीत ‘ब्रिटिश लायन’ हा स्वतःचा दुसरा बँड घेऊन छोट्या क्लबांत वाजवतो. निको २०२४च्या डिसेंबरात दौऱ्यांतून निवृत्त झाला, तेव्हा हॅरिसने त्याच क्लबातल्या बँडचा ड्रमर सायमन डॉसन आणून बसवला. लगेच चाहत्यांत भांडणं सुरू: नव्याच्या हाताखाली दौड मंदावली का, बेस आता जास्त मोकळा वाजतो का, ‘ट्रूपर’ पूर्वीपेक्षा सावकाश घेतात का. जो बेस कुणाला ऐकूच येत नाही, त्याच्यावर इतकं बारकाईने भांडणारी माणसं आली कुठून, याचं उत्तर त्या फिरत्या मजकुरात मला अजून सापडलेलं नाही.