जीपीएस बंद म्हणजे पत्ता बंद?

‘जीपीएस बंद केलं की तुम्ही कुठे आहात हे कुणालाच कळत नाही’ हे एका लेखातलं वाक्य साफ चुकीचं आहे. फोन सुरू असला आणि त्याला रेंज असली की तो कुठल्या ना कुठल्या मोबाइल टॉवरकडे नोंदलेला असतोच, नाहीतर तुम्हाला आलेला कॉल वाजणार कुठे? मोबाइल कंपनीला निदान तो परिसर कळतोच. शहरात हा अंदाज काहीशे मीटरचा, खेड्यात काही किलोमीटरचा.

शिवाय फोन जवळचा टॉवर नव्हे, चांगला सिग्नल निवडतो. आमच्याकडे कोकणात, खाडीकाठच्या दाभोळला जीपीएस बंद असलं की फोनमधला नकाशा कधीकधी खाडीपलीकडचं धोपावे गाव दाखवतो, कारण पाण्यावरून सिग्नल आडकाठीशिवाय येतो. (फेरीबोटीचे पैसे वाचले म्हणायचे!) म्हणजे ठिकाण ढोबळ कळतं, पण कळतं.