विरंगुळा केंद्राचा नकाशा संडासापासून काढा

ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र म्हटलं की आपल्याकडे आधी सभागृह ठरतं, मग कमान, मग कोनशिला. संडास उरलेल्या कोपऱ्यात, तोही दोन पायऱ्या उतरून. सोलापुरात हे जिवावर बेतू शकतं. उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. संडासाची गैरसोय असली की म्हातारी माणसं, त्यातही बायका, पाणी पिणंच टाळतात. वयानुसार तहानही कमी लागते, त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते. मग दुपारी चक्कर येणारच!

म्हणून संडास सभागृहाला लागून, त्याच पातळीवर हवा. दार ३ फुटी आणि बाहेर उघडणारं, कारण आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्या अंगालाच अडतं. कडी बाहेरूनही उघडता यावी. कमोडची बैठक १८ इंच उंच. आधाराचा दांडा ४ इंची भिंतीत प्लॅस्टिकच्या गट्टूंवर बसवतात, आणि कुणी पूर्ण भार टाकला की तो निखळतो. आरपार बोल्ट टाकून मागून लोखंडी पट्टी द्या. जन्मभर जमिनीवर बसून विड्या वळलेल्या बायकांच्या गुडघ्यांना कमोडच बरा, पण ज्यांना तो जमत नाही त्यांच्यासाठी एक भारतीय पद्धतीचाही ठेवा. नळाला रोज पाणी येत नाही, हे धरूनच टाकी घ्या: ५० माणसं, माणशी २० लिटर, चार दिवसांचे ४,००० लिटर.

रॅम्पचं गणित १ ला १२. दीड फूट जोत्याला १८ फूट रॅम्प लागतो. जागा नाही म्हणून ८ फुटांत उरकला तर त्यावरून फक्त मोटारसायकली चढतात. त्यापेक्षा जोतंच कमी ठेवा. गुळगुळीत टाइल्स नकोत, खरबरीत शहाबादी फरशी चांगली.

आणखी एक, खास आपल्या गावासाठी. यंत्रमागाच्या खडखडाटात उमर गेलेल्या कित्येकांना कमी ऐकू येतं. पत्र्याच्या उघड्या हॉलमध्ये आवाज घुमतो आणि त्यांना शब्दच कळत नाहीत. मग ती माणसं यायची बंद होतात. छताखाली फॉल्स सीलिंग करा, भिंतींवर सोलापुरी चादरी लावा, खुर्च्या गोल मांडा. खुर्च्यांना हात हवेतच, उठताना त्यांचाच आधार असतो.

शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी वस्ती मोठी आहे, तिथे पाट्या तेलुगूतही लावा. आणि अंदाजपत्रकात सफाई कामगाराचा पगार पहिल्या दिवसापासून धरा. तो नसला की महिन्याभरात संडासाला कुलूप लागतं.