रेटिंगच्या आधीच होऊन गेलेला अन्याय

मार्च संपत आला की पुण्यात हिंजवडीपासून खराडीपर्यंतच्या आयटी कंपन्यांमध्ये अप्रेझलखेरीज, म्हणजे वार्षिक मूल्यमापनाखेरीज, दुसरा विषय नसतो. कोणाला किती रेटिंग मिळाले, बेल कर्व्हमध्ये (ठरावीक लोकांनाच वरचे आणि काहींना खालचे रेटिंग द्यायचेच, या पद्धतीत) कोणाला खाली ढकलले, कोणत्या मॅनेजरने आपल्या माणसाची बाजू लावून धरली, यावर सगळीकडे बोलले जाते आणि त्यातला बराचसा राग रास्तही असतो. मात्र प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून बरीच वर्षे काम केल्यावर माझे ठाम मत झाले आहे की रेटिंगच्या बैठकीत दिसणारा अन्याय बहुतेक वेळा वर्षभर काम वाटतानाच होऊन गेलेला असतो.

नवे मॉड्यूल, क्लायंटसमोरचा डेमो, आर्किटेक्टबरोबरची चर्चा ही कामे टीममधल्या एका-दोघांकडेच जातात. जुन्या कोडमधले बग, रात्रीचे रिलीज (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती प्रत्यक्ष वापरात आणणे) आणि शनिवारचा सपोर्ट उरलेल्यांच्या वाट्याला येतो. यामागे दुष्टपणा क्वचितच असतो. डेडलाइन तोंडावर आलेली असते आणि ‘मागच्या वेळी त्यानेच केले होते’ हे कारण मॅनेजरला पुरते; पण ते दर वेळी पुरत राहिल्यामुळे वर्षाअखेरीस एकाच्या फॉर्ममध्ये लिहायला भरपूर असते, आणि जिच्यामुळे प्रॉडक्शन, म्हणजे क्लायंटची चालू यंत्रणा, कधी बंद पडले नाही तिच्याकडे दाखवण्यासारखे काहीच नसते. त्या दोन फॉर्मांकडे पाहून आपण गुणवत्तेवरच निर्णय दिला असे मॅनेजरला मनापासून वाटते, हीच मला यातली सर्वांत गंभीर गोष्ट वाटते.

म्हणून आमच्या टीममध्ये एक साधी शीट असते आणि ती सर्वांना दिसते. प्रत्येकाच्या नावापुढे या तिमाहीत रात्रीची रिलीज किती केली, शनिवारचे किती कॉल घेतले, डेमो किती दिले आणि नवे काम कोणते मिळाले, एवढेच लिहिलेले असते. ती सर्वांसाठी उघडली तेव्हा काही ज्येष्ठ सहकारी नाराज झाले, कारण डेमो हा आपला हक्कच आहे असे त्यांनी धरून ठेवले होते. ही नाराजी मॅनेजरने सोसलीच पाहिजे. नवखा माणूस डेमोच्या तयारीला जास्त वेळ घेतो हेही खरे आहे. तो वेळ एस्टिमेटमध्ये उघडपणे धरावा आणि क्लायंटला तसे सांगावे. तो धरला नाही, तर संधी दिल्याचे श्रेय मॅनेजरला मिळते आणि जागरण त्या नवख्याच्या वाट्याला येते.

रात्रीच्या रिलीजबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार स्त्री कर्मचाऱ्यांना रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम देण्यासाठी त्यांची संमती लागते, आणि सुरक्षितता व घरापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था ही मालकाची जबाबदारी असते. कायदा संमती घ्या म्हणतो; अनेक मॅनेजर मात्र विचारतच नाहीत. ‘तिला कशाला त्रास’ असे म्हणून पुरुषांचीच नावे लावली जातात आणि त्या रात्री वरिष्ठांच्या डोळ्यांसमोर येण्याची संधीही पुरुषांनाच मिळते. आमच्याकडे एका सहकारी मुलीने स्पष्टच सांगितले, “सर, नाही म्हणायचे की नाही ते मला ठरवू द्या.” तिचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. ज्यांना खरोखर अडचण आहे त्यांनी कारण न देता नकार द्यावा आणि त्या नकाराची रेटिंगमध्ये नोंद होऊ नये, हेही तितकेच पाळले पाहिजे.

प्रसूती रजेचा मुद्दा याच्याच शेजारी येतो. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते, पण कर्व्हमध्ये कोणाला तरी खाली ठेवायचेच असेल तर रजेवरून परतलेलीचे नाव सर्वांत आधी घेतले जाते. जितके महिने काम केले तितक्याच महिन्यांचे मूल्यमापन व्हावे, याबाबत मॅनेजरने बैठकीत हटून बसावे.

प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट या प्रोजेक्ट मॅनेजरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची आचारसंहिता जबाबदारी, आदर, न्याय्यता आणि प्रामाणिकपणा या चार मूल्यांवर उभी आहे. ज्यांना माहिती मिळण्याचा अधिकार आहे त्या सर्वांना ती सारखीच मिळावी, असे न्याय्यतेखाली म्हटले आहे. आपल्याकडे ही अपेक्षा चहाच्या टपरीवर मोडते. चार मराठी माणसे एकत्र उभी राहिली की मराठीत बोलणार, ते स्वाभाविकच आहे आणि मला प्रियही आहे. पण कोणते मॉड्यूल पुढे ढकलायचे, ऑनसाइटसाठी, म्हणजे क्लायंटकडे जाऊन काम करण्यासाठी, कोणाचे नाव पाठवायचे हेही तिथेच ठरले, तर तेलंगण किंवा बिहारमधून आलेल्या सहकाऱ्याला ते आठवड्याने, निर्णय झाल्यावर कळते. कामाचा विषय निघाला की तो तिथेच थांबवावा आणि दुसऱ्या दिवशीच्या स्टँड-अपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, सर्वांसमोर मांडावा, हा नियम मी पाळतो. आपल्याच माणसांना तो थोडा कोरडा वाटतो, पण त्याला माझा इलाज नाही.

कंत्राटी सहकारी तर या सगळ्या चर्चेच्या बाहेरच राहतात. त्यांना आमचे रेटिंग लागू नसते, त्यामुळे त्यांच्या जागरणांचा हिशेबही कोणी ठेवत नाही आणि सणाच्या दिवशीची पाळी सहजपणे त्यांच्यावर टाकली जाते. आमच्या शीटमध्ये त्यांची नावे इतरांच्याच क्रमाने आहेत, गणपती, ईद आणि दिवाळीच्या पाळ्या सर्वांमध्ये फिरतात आणि रिलीजच्या मेलमध्ये ज्याने काम केले त्याचे नाव असते, मग तो कोणाच्याही पगारपत्रकावर असो. कंत्राट संपताना त्यांच्या कामाचे तपशीलवार पत्रही त्यांनी मागण्याआधीच द्यावे. पुढच्या मुलाखतीत दाखवायला त्यांच्याकडे दुसरे काही नसते.