पक्क्या मडक्यांसाठी काही सूचना

अहंकार सोडायचा विचार तुमच्या मनात आला असेल, तर आधी अभिनंदन. असला विचार ऐऱ्यागैऱ्याच्या डोक्यात येत नाही. सोयाबीनला भाव काय लागला आणि बोअरला पाणी किती राहिलं, यातच ज्याचा दिवस मावळतो त्याला कुठला अहंकार आणि कुठली मुक्ती! तुम्ही वेगळे आहात. आपण वेगळे आहोत हे एकदा मनात पक्कं बसलं की अहंकार सोडायला सोपं जातं.

जागेची अडचण नाही. हिमालयात जाऊन बसायची वेळ मराठवाड्याच्या माणसावर कधी आलीच नाही. आपेगावला ज्ञानोबा, पैठणला नाथ, जांबला समर्थ, गंगाखेडला जनाबाई, नरसीला नामदेव. पहाटे पैठणहून गाडी काढली तर अंधार पडायच्या आत चार संत आरामात होतात. प्रत्येक ठिकाणी डोळे मिटलेला एक फोटो काढायचा. तो काढणाऱ्याला आधी सांगून ठेवावं, नाहीतर बिचारा तुमचे डोळे उघडायची वाट बघत बसतो.

तेरला मात्र जपून जा. तेरणेकाठी गोरोबाकाकांच्या घरी एकदा संतमंडळी जमली होती म्हणतात. मुक्ताबाईला तिथं कुंभारकामाचं थापटणं दिसलं. हे कशाला, तिनं विचारलं. मडकं कच्चं का पक्कं ते यानं कळतं, काका म्हणाले. मग ही बसलेली मडकीही बघा की तपासून! काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं वाजवत निघाले. बाकीचे गप्प बसले. नामदेवांना तेवढा राग आला आणि जागेवर निकाल लागला, मडकं कच्चं.

यात नामदेवांचं चुकलं कुठं, ते नीट ध्यानात घ्या. राग दिसला. तुमचा दिसता कामा नये. डोक्यात थापटणं बसलं की डोळे मिटून मंद हसायचं, 'माउलींची इच्छा' म्हणायचं आणि मारणाऱ्याचं नाव लक्षात ठेवायचं. सोसायटीच्या निवडणुकीत कामाला येतं.

नामदेवांची पुढची गोष्ट मनाला लावून घेऊ नका. त्यांना औंढ्याला विसोबा खेचरांकडं जावं लागलं, आणि गुरू म्हणून मिळाला कोण, तर पिंडीवर पाय टाकून पडलेला म्हातारा. असला गुरू तुम्ही करू नका, ज्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढता येतो असा बघा. त्या कच्च्या मडक्याची ६१ पदं आज गुरू ग्रंथ साहिबात आहेत, आणि गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली ग्रंथाला गुरुपद दिलं तेही आपल्या नांदेडात. म्हणजे नरसीचं मडकं पार पंजाबात फिरून शेजारच्या जिल्ह्यात गुरूच्या आसनावर येऊन बसलं. नापास झालेल्याचं एवढं होत असेल तर पास होऊन काय मिळवायचं, असं कुणी विचारलंच तर विषय बदला.

आता मुख्य काम. अहंकार एकट्यानं, घरात बसून सोडू नये. साक्षीदार लागतात. त्यासाठी अखंड हरिनाम सप्ताहासारखी दुसरी सोय नाही. सात दिवस काकडा, पारायण, हरिपाठ, कीर्तन, रात्रीचा जागर, आणि त्या सगळ्याआधी पत्रिका. पत्रिकेच्या तळाशी 'आपले नम्र' असं छापून नावं येतात. या नम्रांच्या क्रमवारीवरून आमच्या गावात दोन भावकींचं येणंजाणं बंद आहे.

दान करणार असाल तर पंखा द्या. आमच्या मारुतीच्या देवळात सात पंखे आहेत. प्रत्येकाच्या पात्यांवर लाल ऑइलपेंटनं एकावर दात्याचं नाव, दुसऱ्यावर आडनाव आणि तिसऱ्यावर 'यांजकडून सप्रेम भेट'. पंख्याचा दोष एवढाच, की तो फिरला की नाव दिसत नाही. मे महिन्यात, ४२ डिग्रीला, भर प्रवचनात एका दात्यानं उठून आपल्या पंख्याचं बटण बंद केलेलं मी बघितलंय. मोटार तापली होती म्हणे. पण खरी मजा लाइट गेल्यावर. सातही पंखे हळूहळू मंदावतात, अक्षरं लागायला लागतात आणि घामानं निथळणारी अख्खी सभा वर बघते. दाते खाली बघतात. विनय तो हाच.

पायरीच्या भानगडीत मात्र पडू नका. संतांचे पाय लागावेत म्हणून नामदेवांनी पंढरपूरच्या महाद्वाराची पायरी मागून घेतली. हे ऐकून आमच्याकडच्या एका अण्णांचा कंठ दाटून आला आणि त्यांनी देवळाला संगमरवरी पायरी बसवून तिच्यावर स्वतःचं नाव कोरून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की लोक नावावर पाय देऊन चाललेत. आता त्या पायरीला स्टीलचं रेलिंग आहे. मारुतीकडं बाजूनं जावं लागतं.

पाया पडण्याचा थोडा सराव ठेवा. वारकऱ्यांत लहानथोर सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, त्यामुळं इथं चुरस मोठी आहे. जो आधी वाकला तो मोठा ठरतो. मागच्या सप्ताहात दोन ज्येष्ठ माउली एकदमच वाकल्या. आता आधी उठायचं कुणी? 'तुम्ही उठा माउली', 'छे छे, आधी तुम्ही', असं कमरेत वाकूनच चाललं होतं. तोवर पंगतीतली बुंदी संपली.

वाचन वाढवा, पण बेतानं. ज्ञानोबांनी १२९० सालीच तेराव्या अध्यायात सांगून ठेवलंय की अहंकार अडाण्याच्या फारसा मागं लागत नाही, जाणत्याच्या मात्र गळ्याशी झोंबतो आणि त्याला नाना संकटांत नाचवतो. पारायणात ही ओवी आली की जरा वेगात वाचायची असते. आमच्याकडं नेमका त्याच सुमाराला चहा येतो.

शांतीचा अभ्यास करायचा असेल तर बुवांकडं बघा. चौथ्या दिवशीचे बुवा नामांकित, तारीख दोन वर्षं आधी घ्यावी लागते. त्यांनी नाथांची गोष्ट लावली. नाथ गोदावरीत स्नान करून येतात, माडीवरून एक जण अंगावर थुंकतो, नाथ पुन्हा स्नानाला जातात. असं १०८ वेळा. बुवांनी पन्नासएक स्नानं अशी रंगवली, की पुढच्या बाया पदरानं डोळे पुसायला लागल्या. एवढ्यात माईकनं शिट्टी मारली. बुवांनी मांडववाल्या पोराकडं बघितलं. पोरानं बटण फिरवलं, शिट्टी वाढली. मग बुवा जे बोलले त्यात त्या पोराचे आईबाप, त्याची अक्कल आणि त्याला मिळणारे पैसे, सगळं आलं, आणि माईक तेवढ्यात सुधारल्यामुळं ते शिवेपर्यंत ऐकू गेलं. त्यानंतर त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "तरी नाथ काय म्हणाले? तुझ्यामुळं मला एवढ्या वेळा गंगास्नान घडलं!" टाळ वाजले. पोरगं हसलं नाही. मडकं कच्चं असणार.

एवढं सगळं सांगायचा अधिकार मला कुणी दिला, असं वाटत असेल तर सांगतो. मी तुमच्या एक पाऊल पुढं आहे. यंदाच्या पत्रिकेत माझं नाव नव्हतं. 'व समस्त गावकरी मंडळी' यात तुम्ही आलातच की, असं छापणाऱ्यांचं म्हणणं पडलं. मी एका शब्दानं बोललो नाही. तीन दिवस कुणाशीच बोललो नाही. वर सूड म्हणून वीण्याचा रात्री दोन ते चारचा पहारा मागून घेतला. त्या वेळेला कुत्रंसुद्धा बघायला नसतं, म्हणजे त्यागाला तोड नाही. सकाळी सगळ्यांना कळेल अशी व्यवस्था केली होती.

वीणा गळ्यात घालून उभा राहिलो. साडेतीनच्या सुमाराला पाय भरून आले, डोळा लागायला लागला. मांडवात टाळकरी दोन, तेही खांबाला टेकून पेंगत होते. तेवढ्यात काकड्याआधी सडा टाकायला एक म्हातारी बादली घेऊन आली. तिला धड दिसत नाही. अंधारातून तिनं विचारलं, "कोण हाय रं इण्याला?"

मी नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, आणि तालुक्याला कुठल्या ऑफिसात कुठल्या हुद्द्यावर आहे तेही.

"आसू दे, आसू दे," ती म्हणाली आणि सडा टाकायला वाकली. "इणा खाली टेकू नको म्हंजी झालं."